माणूस कसा आहे, हे स्पॅनिशमध्ये सांगताना

युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाशिक्षणाची एक सामायिक चौकट प्रसिद्ध केली. ए-वन, ए-टू, बी-वन अशा ज्या पायऱ्या आज परकीय भाषांच्या वर्गांत कानावर पडतात, त्या तिथल्याच. पहिल्या पायरीवरच्या माणसाकडून बोलण्याच्या बाबतीत ही चौकट फार थोडं मागते. आपण राहतो ती जागा आणि आपल्या ओळखीची माणसं यांच्याविषयी त्याला साध्या वाक्यांत सांगता यावं. मतं नंतर, वाद नंतर, गोष्टी रंगवून सांगणं त्याहून नंतर. आधी घर आणि माणसं.

मी नवख्यांना स्पॅनिश शिकवते, आणि सगळ्या धड्यांत माणसांच्या वर्णनाचा धडा मला सर्वांत जवळचा आहे. बहुतेक पुस्तकं तो चटकन उरकतात. एका बाजूला चेहरे, दुसऱ्या बाजूला विशेषणांच्या जोड्या. 'आल्तो' म्हणजे उंच, 'बाहो' म्हणजे बुटका. 'गोर्दो' जाडा, 'फ्लाको' किडकिडीत. 'ग्वापो' देखणा, 'फेओ' कुरूप. 'त्राबाहादोर' कष्टाळू, 'पेरेसोसो' आळशी. जोड्या पाठ करायच्या, आधी 'एस' लावायचं, की झालं वाक्य. 'एस आल्तो', तो उंच आहे. 'एस पेरेसोसो', तो आळशी आहे. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्यं सारखीच. पण पहिलं म्हणायला त्या माणसाकडे एकदा बघणं पुरतं, आणि दुसरं म्हणायला त्याचे बरेच दिवस जवळून पाहिलेले असावे लागतात. यादीत हे कुठेच दिसत नाही. चार दिवसांत विद्यार्थी शेजाऱ्याला आळशी, भावाला उर्मट आणि साहेबाला दुष्ट म्हणायला शिकतो, आणि त्याला वाटतं आपल्याला वर्णन जमलं.

खुद्द स्पॅनिशला मात्र हा फरक पुरता ठाऊक आहे. माणसाबद्दल बोलायला तिच्याकडे निदान पाच क्रियापदं आहेत, आणि प्रत्येकातून आपण करतो तो दावा कमीजास्त वजनाचा असतो. माझं म्हणणं असं, की नवख्याने विशेषणं गोळा करण्याआधी ही पाच क्रियापदं हाताशी घ्यावीत. त्यांतलं सर्वांत जड म्हणजे 'सेर', ज्याचं रूप 'एस'. पुस्तकं ते पहिल्यांदा शिकवतात. शिकवू देत. स्वभावाबद्दल बोलताना मात्र त्याच्याकडे सर्वांत शेवटी वळावं.

(इथले उच्चार मी लॅटिन अमेरिकेतले धरले आहेत. मी 'ह' लिहीन तिथे माद्रिदचा माणूस घशातून खरखरीत आवाज काढेल, आणि काही ठिकाणचा 'स' तो जीभ दातांत धरून म्हणेल. दोन्ही बरोबरच.)

सुरुवात प्रश्नापासून करू. 'कोमो एस तू माद्रे?' आणि 'कोमो एस्ता तू माद्रे?' दोन्ही प्रश्न मराठीत 'तुझी आई कशी आहे?' असेच येतील. पण पहिल्याचं उत्तर आहे: उंच आहे, बोलकी आहे, शिस्तीची आहे. दुसऱ्याचं उत्तर: बरी आहे, जरा थकली आहे, ताप उतरला. मराठीत आपण हे प्रसंगावरून ताडतो. दवाखान्याच्या दारात विचारलं तर तब्येत, पहिल्यांदा भेटायला जाण्याआधी विचारलं तर स्वभाव. स्पॅनिशमध्ये प्रश्न विचारणाऱ्यालाच आधी ठरवावं लागतं, की आपल्याला माणूस हवा आहे की त्याची आजची अवस्था. 'एस' हे 'सेर'चं रूप, 'एस्ता' हे 'एस्तार'चं. दोघांचा अर्थ 'असणे'च.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. हाच भेद आपणही करतो, फक्त तो क्रियापदात न ठेवता विशेषणात ठेवतो. अबोल माणूस वेगळा आणि गप्प बसलेला माणूस वेगळा. भित्रा आणि घाबरलेला, रागीट आणि रागावलेला, लाजाळू आणि लाजलेला, कंटाळवाणा आणि कंटाळलेला. प्रत्येक जोडीतला पहिला शब्द माणसाच्या घडणीबद्दल बोलतो, दुसरा त्याच्यावर आत्ता आलेल्या वेळेबद्दल. स्पॅनिश पुष्कळदा विशेषण तेच ठेवते आणि क्रियापद बदलते. 'एस कायादो', तो अबोल आहे. 'एस्ता कायादो', तो गप्प आहे. 'एस आबुर्रीदो', तो कंटाळवाणा आहे. 'एस्ता आबुर्रीदो', तो कंटाळला आहे. 'एस नेर्बियोसा', ती मुळातच धास्तावणारी. 'एस्ता नेर्बियोसा', तिला आत्ता धडधडतंय. काही ठिकाणी अर्थ आणखी लांब जातो. 'एस लिस्तो' म्हणजे हुशार, 'एस्ता लिस्तो' म्हणजे तयार. 'एस देस्पिएर्ता' म्हणजे ती तल्लख आहे, 'एस्ता देस्पिएर्ता' म्हणजे ती जागी आहे. 'ओर्गुयोसो' हा शब्द 'सेर'बरोबर बहुतेक वेळा गर्विष्ठ माणसाचा असतो, आणि 'एस्तार'बरोबर लेकीचा अभिमान वाटणाऱ्या बापाचा.

शिवाय आपल्याकडे 'आहे' आणि 'असतो' आहेतच. 'तो शांत आहे' आणि 'तो शांत असतो' यांत काय बदललं, ते कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. ही जोडी 'सेर' आणि 'एस्तार'वर तंतोतंत बसत नाही, बसवायला जाऊही नये. पण ज्या कानाला ती फट ऐकू येते तो कान स्पॅनिशसाठी अर्धा तयार आहे.

नवख्यांना सर्रास एक नियम सांगितला जातो: कायमचं असेल तर 'सेर', तात्पुरतं असेल तर 'एस्तार'. पहिले काही दिवस तो चालतो, मग तो माणसाला वाट चुकवतो. तारुण्य काही कायमचं नसतं, तरी 'एस होबेन', तरुण आहे. मरणासारखं कायमचं दुसरं काही नाही, तरी मेलेला माणूस 'एस्ता मुएर्तो', 'एस्तार'नेच. माद्रिद शतकानुशतकं जागचं हललेलं नाही, पण 'माद्रिद एस्ता एन एस्पान्या'. काळ किती लांब, याच्याशी हा प्रश्न बांधलेलाच नाही. 'सेर' माणसाची ओळख सांगतं, त्याला कशात गणायचं ते. 'एस्तार' त्याची स्थिती सांगतं, तो आपल्याला कुठे आणि कसा सापडला ते. मरण ही कशाच्या तरी शेवटी आलेली स्थिती आहे. तारुण्याने आपण माणूस ओळखतो.

'स्थिती' हा शब्द इथे मुद्दाम घेतला. 'एस्तार' आलं लॅटिनमधल्या 'स्तारे'तून, म्हणजे उभं असणं, आणि 'स्तारे' व संस्कृत 'स्था' यांचं मूळ एकच आहे. स्थान, स्थिती, अवस्था हे आपले शब्द 'स्था'चे, आणि 'एस्तार' नेमकं याच गोष्टी सांगायला लागतं. 'एस' तिकडे 'अस्ति'च्या कुळातलं. ज्या मराठी विद्यार्थ्याला दोन क्रियापदांचा गोंधळ सुटत नाही त्याला मी एवढंच विचारते, की तुला अवस्था किंवा स्थान सांगायचंय का? बहुतेक वेळा उत्तर लगेच सापडतं.

'एस्तार'चा मला सर्वांत आवडणारा उपयोग मात्र कुठल्याच नियमात नीट मावत नाही. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या पोराला स्पॅनिश मावशी म्हणेल, 'के आल्तो एस्तास!' उंची काही उद्या कमी होणार नाही. पण मावशीच्या मनात जुना, तिच्या कमरेइतका मुलगा आहे आणि समोर हा उभा आहे. 'किती उंच झालास' यातलं आपलं 'झालास' जे काम करतं ते तिथे 'एस्तास' करतं. 'एस ग्वापा' म्हणजे ती देखणी आहे. 'एस्ता ग्वापा' म्हणजे आज ती छान दिसते आहे, नेहमीपेक्षा, किंवा अपेक्षेपेक्षा. टक्कल पडलेल्या माणसाबद्दल 'एस काल्बो' आणि 'एस्ता काल्बो' दोन्ही ऐकू येतात, आणि दुसरं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा त्याचे जुने केस असतात. म्हणजे 'एस्तार'मध्ये बघणाराही असतो, त्याच्या आठवणीसकट. एक ठिकाण तेवढं सांभाळावं. 'एस बुएना' म्हणजे ती चांगली आहे. तेच 'एस्ता बुएना' जेवणाबद्दल म्हटलं तर चविष्ट, पण बाईबद्दल म्हटलं तर तो तिच्या शरीरावरचा शेरा होतो, आणि सभ्य बैठकीत तो चालत नाही.

आता 'तेनेर', म्हणजे जवळ असणे. रूप 'तिएने'. नवख्यासाठी याइतकं सोयीचं आणि निरुपद्रवी क्रियापद दुसरं नाही. 'तिएने लोस ओहोस बेर्देस', डोळे हिरवे आहेत. 'तिएने एल पेलो लार्गो', केस लांब आहेत. 'तिएने कानास', केस पिकले आहेत. वयही असंच जवळ असतं: 'तिएने बेइन्ते आन्योस', त्याच्याकडे वीस वर्षं आहेत, म्हणजे तो वीस वर्षांचा आहे. भूक, झोप, थंडी, भीती याही गोष्टी माणसाकडे असतात, माणूस त्या होत नाही. 'तिएने मिएदो', त्याला भीती वाटते आहे. 'एस मिएदोसो' म्हटलंत तर तो भित्रा ठरला. मला हवी ती शिस्त या दोन वाक्यांतल्या अंतरात आहे. एखाद्याला आपण एकदा घाबरलेलं पाहिलं, तर आपल्याजवळ 'तिएने मिएदो' एवढाच पुरावा आहे.

स्वभावही 'तेनेर'ने सांगता येतो, आणि ही सोय पुस्तकांत उगाच मागे ढकललेली असते. 'तिएने पासिएन्सिया', तिच्याकडे धीर आहे. 'तिएने माल हेनियो', तो तापट आहे. 'तिएने बुएन कोरासोन', मन चांगलं आहे. इथे गुण किंवा दोष माणसाच्या जवळ ठेवला जातो, माणसावर शिक्का बसत नाही.

कपडे, चष्मा, दाढी यांसाठी 'येबार', रूप 'येबा'. 'येबा गाफास', त्याने चष्मा लावला आहे. हे स्पेनमध्ये. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चष्म्याला 'लेन्तेस' म्हणतात आणि अर्जेंटिनात 'आन्तेओहोस'. एक शब्द शिकावा, बाकीचे ऐकल्यावर ओळखावेत.

मग 'पारेसेर', रूप 'पारेसे'. दिसतो, वाटतो. मी हे पहिल्याच तासाला देते, कारण ते बोलणाऱ्याला प्रामाणिक राहू देतं. 'पारेसे सेरियो', गंभीर वाटतो. 'पारेसे सिम्पातिका', मनमिळाऊ वाटते. इतकंच म्हणण्याएवढी ओळख आपली बहुतेकांशी असते. याचंच भावंड 'से पारेसे आ', म्हणजे कुणासारखं दिसणं. 'से पारेसे आ सू आबुएला', ती आजीवर गेली आहे. घरातल्या माणसांबद्दल बोलायला लागल्यावर हे वाक्य कुणाला लागत नाही, असं मी पाहिलेलं नाही.

ही पाच क्रियापदं एकत्र वापरून बघायला मी एक चित्र समोर ठेवते. दिएगो वेलास्केस या स्पॅनिश चित्रकाराने १६५० साली रोममध्ये रंगवलेलं हुआन दे पारेहा यांचं व्यक्तिचित्र. मूळ चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. १९७० साली लंडनच्या लिलावात त्याला पंचावन्न लाख डॉलरच्या वर किंमत आली होती, तोवर कुठल्याच चित्राला लिलावात इतकी आली नव्हती. ते काहीही असो, वर्गात आधी मी यातलं काहीच सांगत नाही, नावही नाही. फक्त विचारते, 'कोमो एस?'

पहिली वाक्यं सोपी येतात. 'एस उन ओम्ब्रे', पुरुष आहे. 'तिएने एल पेलो नेग्रो इ रिसादो', केस काळे आणि कुरळे. 'तिएने बारबा इ बिगोते', दाढीमिशा आहेत. 'येबा उन कुएयो ब्लांको', गळ्याशी पांढरी कॉलर, रुंद, लेसची. 'मीरा', बघतो आहे, थेट आपल्याकडे. मग वर्ग जरा थांबतो आणि 'पारेसे' सुरू होतं. 'पारेसे त्रांकीलो', शांत वाटतो. 'पारेसे सेगूरो', ठाम वाटतो. 'पारेसे इम्पोर्तान्ते', मोठा माणूस असावा. कुणीतरी म्हणतं, सरदार असेल. कुणी म्हणतं, राजाचा वकील.

तेव्हा मी सांगते की चित्र रंगवलं त्या वेळी हा माणूस वेलास्केसचा गुलाम होता. स्पेनच्या दक्षिणेकडच्या आन्तेकेराचा. चित्रकाराच्या कामात हाताखाली राबणारा. हे चित्र मार्च १६५० मध्ये रोमच्या पँथिऑन या प्राचीन वास्तूत लोकांना दाखवण्यात आलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वेलास्केसने त्याच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली. कागदात अट होती, आणखी चार वर्षं सेवा करायची. पुढे पारेहा स्वतंत्र चित्रकार झाले. त्यांनी १६६१ मध्ये रंगवलेलं संत मॅथ्यूच्या पाचारणाचं, म्हणजे येशू त्याला शिष्य म्हणून बोलावतो त्या प्रसंगाचं, मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, आणि त्यात अगदी डाव्या कडेला, हातात कागद घेऊन, ते स्वतःच उभे आहेत.

आता पुन्हा वाक्यं करायची. १६५० च्या व्याकरणात 'एस एस्क्लाबो', गुलाम आहे. 'सेर'ने. म्हणजे ओळख म्हणून, त्याला कशात गणायचं म्हणून, आणि गणणारे दुसरे. आज स्पॅनिशमध्ये लिहिणारे बरेच जण 'पेर्सोना एस्क्लाबिसादा', म्हणजे गुलाम केली गेलेली व्यक्ती, असं म्हणणं पसंत करतात. त्यात निदान एवढं दिसतं, की हे कुणीतरी केलं. आणि मुक्ततेनंतर? 'एस लीब्रे', तो स्वतंत्र आहे. इथे 'एस्ता लीब्रे' म्हटलं तर तो सुटला आहे, किंवा त्याला आत्ता वेळ आहे, असं काहीतरी होतं. खुर्ची रिकामी असली तरी ती 'एस्ता लीब्रे'च असते. स्वातंत्र्य माणसाची ओळख म्हणून सांगायचं तर 'सेर' हवं. आणि शेवटी 'एस पिन्तोर', चित्रकार आहे, मध्ये 'उन', म्हणजे 'एक', न घालता, कारण व्यवसाय सांगताना स्पॅनिश तो घालत नाही. हे वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. वर्गाने पहिल्या पाच मिनिटांत केलेल्या 'पारेसे'च्या वाक्यांतलं एकही खोडावं लागत नाही, हेही मी दाखवते. शांत वाटतो, ठाम वाटतो. वाटतोच. 'एस सरदार' म्हणणाऱ्यांचं मात्र खोडावं लागतं.

विशेषणांच्या शेपटांवर मी फार वेळ घालवत नाही. मराठी बोलणाऱ्याला त्याची गरजच नसते. चांगला, चांगली, चांगले करणाऱ्याला 'बुएनो', 'बुएना' आणि अनेकवचनी 'बुएनोस', 'बुएनास' यांत नवल वाटत नाही. आपल्याकडे हुशार, प्रामाणिक, उदार ही जशी स्त्री-पुरुष दोघांनाही तशीच लागतात, तशीच तिकडे 'इंतेलिहेन्ते' (हुशार), 'आमाब्ले' (प्रेमळ), 'ओप्तिमिस्ता' (आशावादी). यातलं शेवटचं 'आ'कारान्त असलं तरी पुरुषालाही तसंच. 'आब्लादोर' या बडबड्याला स्त्रीलिंगी 'आब्लादोरा'. आणि 'मी थकलो', 'मी थकले' म्हणून बोलणारा स्वतःचं लिंग आपल्याकडे वाक्यात सांगतोच, त्यामुळे 'एस्तोय कान्सादो', 'एस्तोय कान्सादा' हे मराठी मुलींच्या तोंडी पहिल्याच दिवशी सहज बसतं.

जास्त जपावं लागतं ते शब्दांच्या धारेला. दोष सांगताना स्पॅनिश बोलणारे आधी 'उन पोको' ठेवतात, थोडासा. 'एस उन पोको तीमिदो', जरा बुजरा आहे. किंवा उलट बाजूने येतात: 'नो एस मुय पुन्तुआल', फारसा वेळेवर येणारा नाही. गुणांना 'उन पोको' लावत नाहीत. तिथे 'मुय', म्हणजे फार, किंवा मग सरळ 'लिस्तीसिमो', 'ग्वापीसिमा'. 'गोर्दो'ऐवजी 'गोर्दीतो', 'बाहो'ऐवजी 'बाहीतो' म्हटलं की धार कमी होते. म्हाताऱ्या माणसाला 'बिएहो' म्हणण्यापेक्षा 'मायोर', म्हणजे वयाने मोठा, म्हणणं बरं. दुसरीकडे अर्जेंटिना आणि उरुग्वेत मित्रमित्र एकमेकांना बिनदिक्कत 'गोर्दो', 'फ्लाको' अशा हाका मारतात, नवरा-बायकोही मारतात, आणि आईवडिलांना मागे 'मी बिएहा', 'मी बिएहो' म्हणतात. त्यात माया असते. पण ती माया त्यांच्या आपसातली आहे. नवख्याने ती ऐकावी, ओळखावी, आणि स्वतः वापरायला वेळ घ्यावा.

केसांचे आणि वर्णाचे शब्द देशागणिक बदलतात. सोनेरी केसांचा माणूस पुस्तकात 'रूबियो' असतो. मेक्सिकोत तो 'ग्वेरो', कोलंबियात 'मोनो', व्हेनेझुएलात 'कातीरे', कोस्टारिकात 'माचो'. 'मोरेनो' म्हणजे कुठे काळ्या केसांचा, कुठे सावळा, आणि 'एस्ता मोरेनो' म्हटलं तर उन्हाने रापलेला. 'ग्वापो'सुद्धा स्पेनमध्ये देखणा, तर क्युबात दांडगट. वीस देशांची राजभाषा असलेल्या भाषेत हे व्हायचंच. म्हणूनही मला वाटतं, की सुरुवातीला 'तिएने एल पेलो रूबियो' असं सांगावं, म्हणजे केसांबद्दल बोलावं. माणसालाच रंगाचं नाव देण्याची घाई नको.

इंग्रजी येणाऱ्यांसाठी तीन शब्द खास सांगायला हवेत, कारण ते ओळखीचे वाटतात आणि तसे नसतात. 'सेन्सीब्ले' म्हणजे हळवा. समंजस माणसाला 'सेन्सातो'. 'एदुकादो' म्हणजे शिकलेला असं वाटतं, पण तो बहुतेक वेळा चांगल्या वळणाचा, रीत पाळणारा माणूस असतो, मग त्याने शाळा पाहिलेली असो वा नसो. आणि 'फोर्माल' म्हणजे शब्दाचा पक्का.

विशेषणाची जागाही बोलते. ते सहसा नामानंतर येतं. पुढे आणलं की मोजमाप संपतं आणि बोलणाऱ्याचं मन सुरू होतं. 'ओम्ब्रे पोब्रे' म्हणजे गरीब माणूस, 'पोब्रे ओम्ब्रे' म्हणजे बिचारा. 'ओम्ब्रे ग्रान्दे' म्हणजे धिप्पाड, 'ग्रान ओम्ब्रे' म्हणजे थोर. 'आमीगो बिएहो' वयाने म्हातारा मित्र, 'बिएहो आमीगो' जुना मित्र, तो विशीतला का असेना.

आणि एखादा माणूस आपल्याला पटतो, जमतो, हे सांगायला 'गुस्तार' उचलू नये. 'मे गुस्ता' या वाक्याची घडण आपल्या 'मला आवडतं'सारखीच आहे, त्यामुळे मराठी माणूस ते आनंदाने सगळीकडे लावतो. पण माणसाबद्दल ते म्हटलं की त्यात ओढ येते, प्रेमाची. सहकाऱ्याबद्दल, शेजारणीबद्दल, मैत्रिणीच्या नवऱ्याबद्दल 'मे काए बिएन' म्हणावं. मला तो बरा वाटतो, आमचं जमतं. नाही जमत तर 'मे काए माल'. ही दोन्ही वाक्यं मला फार न्याय्य वाटतात, कारण त्यात समोरचा कसा आहे याचा निकाल नाही. तो मला कसा लागतो, एवढंच आहे, आणि तेवढं तर मला नक्की माहीत असतं.

एका मुलीने आपल्या थोरल्या बहिणीबद्दल लिहिलं होतं, 'एस मुय सेरिया इ आन्तिपातिका', फार गंभीर आणि खडूस आहे. मी तिला म्हटलं, विशेषणं बाजूला ठेव आणि ती काय काय करते ते साध्या वर्तमानकाळात लिही. तिने लिहिलं: लवकर उठते. कमी बोलते. रात्री अभ्यास करते. कधी ओरडत नाही. आईला नेहमी मदत करते. 'सिएम्प्रे आयुदा आ मी माद्रे.' मग तिने पहिलं वाक्य स्वतःहून बदललं. 'सेरिया' तसंच ठेवलं, ते खरंच होतं. 'आन्तिपातिका' काढलं आणि त्या जागी 'एस्ता कान्सादा' लिहिलं, थकलेली असते. मी काही सुचवलं नव्हतं. 'सेर'वर मी इतका भर देते तो यासाठी. ते वापरू नये असं नाही. स्पॅनिश बोलणारे ते दिवसभर मोकळेपणाने वापरतात आणि शिकणाऱ्यालाही वापरावंच लागतं. पण 'आयुदा' (मदत करते), 'एस्कूचा' (ऐकून घेते), 'नुन्का ग्रीता' (कधी ओरडत नाही) अशी चार वाक्यं आधी हाताशी असली, की पाचवं 'एस हेनेरोसा', ती उदार आहे, हे नुसतं पाठ केलेलं राहत नाही.

या धड्यात एक गोष्ट पुस्तकांच्या क्रमाने होत नाही, आणि मी ती होऊ देत नाही. ओळखीच्या माणसाचं वर्णन करा म्हटलं, की वर्गातलं कुणीतरी हमखास अशा माणसाची निवड करतं जो आता नाही. आजोबा, आत्या, जुने शेजारी. पुस्तक तोवर फक्त वर्तमानकाळ शिकवून झालेलं असतं, आणि 'मी आबुएलो एस' लिहून पोरगं अडतं. अपूर्ण भूतकाळ पुढच्या पायरीवर येईल, तोवर आई-बाबांबद्दल लिही, असं त्याला सांगणं मला जमत नाही. चार रूपं तेवढ्यापुरती पुरतात, आणि मी ती तिथल्या तिथे देते: 'एस'चं 'एरा', 'एस्ता'चं 'एस्ताबा', 'तिएने'चं 'तेनीया', 'येबा'चं 'येबाबा'. या भूतकाळात स्पॅनिशची अवघी तीन क्रियापदं अनियमित आहेत आणि 'सेर' त्यांतलं एक, त्यामुळे 'एरा' तेवढं पाठ करावं लागतं, बाकीची तीन ऐकताक्षणी कळतात. 'मी आबुएलो एरा आल्तो. तेनीया एल पेलो ब्लांको. येबाबा गाफास. आब्लाबा पोको.' आजोबा उंच होते. केस पांढरे होते. चष्मा लावायचे. थोडं बोलायचे. शेवटच्या वाक्यातलं 'आब्लाबा' मी दिलेलं नसतं. 'एस्ताबा'वरून विद्यार्थ्याने ते स्वतः बनवलेलं असतं.